मोटार का जळते? व्होल्ट, अँपिअर आणि ओहमचा हिशोब



खोडवा असो की आडसाली लागण, ऐन उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी चुकली की वजनाला फटका बसलाच म्हणून समजा. वसमत भागात गटागटांतून फिरताना पाळी चुकण्याचे जे कारण आम्हांला वरचेवर ऐकू येते ते विहीर आटल्याचे नसते. "मोटार जळाली साहेब, वायंडिंगला दिली," हे असते. मग दोष मोटारीच्या कंपनीला, नाहीतर नशिबाला. वास्तविक मोटार धोक्यात आहे की नाही हे चार आकड्यांवरून आधीच कळते, आणि तो हिशोब सातवीच्या गणितापलीकडचा नाही.

व्होल्ट म्हणजे टाकीतल्या पाण्याचा दाब. अँपिअर म्हणजे पाइपातून वाहणारे पाणी. आणि ओहम म्हणजे पाइपाची अडवणूक. पाइप जितका लांब आणि बारीक तितकी ती जास्त. जर्मनीतल्या गेओर्ग ओहम नावाच्या शिक्षकाने १८२७ साली हा नियम छापून प्रसिद्ध केला. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम मिळतात, आणि व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट. घरातली १००० वॅटची इस्त्री घ्या. २३० व्होल्टवर ती सुमारे ४.३५ अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध सुमारे ५३ ओहम. ती तासभर चालली की एक युनिट पडले.

पंपाची मोटार थ्री फेज असते, म्हणून तिथे दोन फेजमधले व्होल्ट आणि एका तारेतले अँपिअर यांच्या गुणाकाराला आणखी १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच एचपीची मोटार दांड्यावर ३७३० वॅट देते; पण काही शक्ती मोटारीतच उष्णता होऊन जाते. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ती तारेतून ४९७० वॅट, म्हणजे जवळजवळ पाच किलोवॅट ओढते. (आपल्या शेजारी येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजघर आहे. ते पूर्ण चालले तरी अशा साडेचार हजार मोटारींपुरतेच!) पॉवर फॅक्टर ०.८५ धरून ४१५ व्होल्टला या मोटारीचा प्रवाह येतो ८.१ अँपिअर.

आता खरी गोम इथे आहे. व्होल्टेज कमी झाले की बल्ब मंद होतो आणि वीजही कमी घेतो. मोटारीचे उलटे. पंपाला पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते, म्हणून दाब कमी पडला की मोटार प्रवाह जास्त ओढते. तोच हिशोब ३५० व्होल्टला केला तर ९.६ अँपिअर येतात. वाढ दिसते दीडच अँपिअरची, पण तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. ८.१ चा वर्ग ६५.६ आणि ९.६ चा ९२.२, म्हणजे वायंडिंग जवळजवळ चाळीस टक्के जास्त तापते. रोज असे काही तास गेले की इन्सुलेशन जळते आणि एका रात्री मोटार बसते.

व्होल्टेज डीपीवरच कमी असते हे खरे. ४१५ व्होल्टच्या लाइनला सहा टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे साधारण ३९० ते ४४०. परंतु उरलेली घट पुष्कळदा आपल्याच केबलमध्ये होते. स्टार्टरपासून विहिरीतल्या मोटारीपर्यंत ३०० मीटर केबल आहे असे धरू. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम, म्हणून एका कोरला २.४ ओहम. ८.१ अँपिअरला वाटेत सुमारे २९ व्होल्ट गळतात आणि तिन्ही कोर मिळून ४७२ वॅट केबल तापवण्यातच जातात. ६ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर रोध सुमारे १ ओहम, घट १२ व्होल्ट आणि नुकसान दोनशे वॅटच्या आत. स्टार्टरवर ३९० व्होल्ट असले तरी बारीक केबलवाल्याच्या मोटारीला जेमतेम ३६० मिळतात. दुकानात हजार-दोन हजार वाचवणारा माणूस पुढे वायंडिंगवाल्याच्या दारात उभा राहतो.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल शासन भरते, मग युनिटची फिकीर कशाला, असे काही सभासद म्हणतात. युनिटची नसेल, पण जळालेल्या मोटारीचे बिल अजून तरी आपणच भरतो.

ऑटो स्विचचेही तेच. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. लाइन येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर व्होल्टेज पार खाली बसते, फ्यूज उडतो, आणि डीपी जळाला तर सगळ्या शिवाराचे पाणी बंद. एकामागून एक मोटार चालू करायची हे आपसांत ठरवून घ्यावे.

एक गफलत मात्र होऊ देऊ नका. चालत्या मोटारीचे ४१५ व्होल्ट ८.१ ने भागले की ५१ येतात. तो वायंडिंगचा रोध नव्हे. फिरती मोटार स्वतःही उलटा दाब निर्माण करते, म्हणून इस्त्रीचा साधा भागाकार तिला लागू पडत नाही. वायंडिंगचा खरा रोध थोडेच ओहम असतो आणि तो लाइन पूर्ण बंद करून वायरमनकडूनच मोजून घ्यावा. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे आले तर ठीक. एक वेगळा आला तर वायंडिंगमध्ये किंवा केबलच्या सांध्यात दोष आहे.

मोटारीच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा पाहून ओव्हरलोड रिले त्याच आकड्यावर लावावा. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून तो वर सरकवून ठेवणे, किंवा त्याला तार जोडून बगल देणे, हे आम्ही पुष्कळ पेट्यांत पाहिले आहे. लागणीची नोंद द्यायला याल तेव्हा पाटीवरचे अँपिअर, मोटार चालू असतानाचे व्होल्ट, केबलची लांबी आणि जाडी कागदावर लिहून आणा. गट कार्यालयात बसून हिशोब करून देऊ.