दवाखान्याच्या फ्रीजमधला सेन्सर अन् बाटलीवरचा चौकोन : लस खराब झाली की नाही, हे असं कळतं

हिमायतनगर : लेकराला लस द्यायला अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात गेलेल्या आई-वडिलांच्या मनात उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. बाहेर एवढं ऊन, गावात लाईट जाते-येते, मग ही लस चांगली राहिली असेल का? नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे शंका चुकीची नाही. मात्र लसीवर नजर ठेवण्यासाठी दोन साधनं आहेत. एक दवाखान्याच्या फ्रीजमध्ये असते, दुसरे थेट लसीच्या बाटलीवर. दुसरे साधन तर कोणालाही डोळ्यांनी पाहता येते.

लसीला नेमकं काय सोसत नाही?

बालकांच्या लसी दवाखान्यात २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. जास्त गरमी लागली की लसीची ताकद कमी होते आणि गेलेली ताकद पुन्हा थंड करून परत येत नाही. उष्णतेने खराब झालेली लस सहसा अपाय करत नाही, पण संरक्षणही देत नाही. खरा धोका इथेच आहे. कार्डावर लस दिल्याची नोंद होते, आई-वडील निर्धास्त होतात आणि गावात गोवर आला की लेकरू उघड्यावर पडते.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. काही लसी गोठल्या तरी वाया जातात. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी आणि टीडी या लसी त्यातल्या. म्हणजे ‘जितकं थंड तितकं चांगलं’ हा हिशोब इथे चालत नाही.

फ्रीजमधला सेन्सर काय करतो?

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीसाठी वापरला जाणारा फ्रीज घरच्यासारखा नसतो. त्याला आयएलआर म्हणतात. त्याचे दार वरच्या बाजूला असते. थंड हवा जड असल्याने दार उघडले तरी ती बाहेर सांडत नाही. आतल्या भिंतींना बर्फाचा थर असतो. त्यामुळे चोवीस तासांत साधारण आठ तास लाईट मिळाली तरी आतले तापमान सांभाळता येते. घरगुती फ्रीजला हे जमत नाही.

या फ्रीजवर ‘ईविन’ यंत्रणेची नजर असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने २०१५ मध्ये ही यंत्रणा सुरू केली आणि पुढे ती महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत पोहोचली. ऑगस्ट २०२० मधील सरकारी माहितीनुसार २२ राज्ये आणि २ केंद्रशासित प्रदेशांतील ५८५ जिल्ह्यांत २३,५०७ शीतसाखळी केंद्रे ती वापरत होती. कोविड लसीकरणात सगळ्यांनी नोंदणी केलेले ‘को-विन’ही याच यंत्रणेच्या पायावर उभे राहिले.

काम साधे आहे. फ्रीजच्या आत छोटा सेन्सर असतो आणि तो बाहेरच्या सिमकार्ड असलेल्या यंत्राला जोडलेला असतो. दर दहा मिनिटांनी तापमानाची नोंद होते. दर तासाला ती माहिती मोबाईल नेटवर्कवरून सर्व्हरला जाते. तापमान २ च्या खाली किंवा ८ च्या वर गेले की यंत्र वाजू लागते आणि जबाबदार कर्मचारी व अधिकाऱ्यांना एसएमएस व ईमेल जातो. रात्री दोन वाजता लाईट गेली आणि फ्रीज गरम व्हायला लागला तरी सकाळपर्यंत कोणाला पत्ता नाही, असे होऊ नये म्हणून ही सोय. याशिवाय कर्मचाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळ तापमान पाहून वहीत लिहायचे असते, सुटीच्या दिवशीसुद्धा.

शेवटचा टप्पा बाटलीच्या भरवशावर

अडचण पुढे येते. आरोग्य केंद्रातून गावात लस जाते ती हातात धरायच्या डब्यातून, म्हणजे व्हॅक्सिन कॅरिअरमधून. त्यात चार आईसपॅक असतात. डब्यात सहसा असा सेन्सर नसतो. दुचाकीवरचा प्रवास, खराब रस्ता, वारंवार उघडले जाणारे झाकण, हे सगळं इथेच घडतं.

जगात खोक्यागणिक वायरलेस टॅग लावण्याची पद्धत आली आहे. अमेरिकेत फायझर कंपनीच्या कोविड लसीच्या खोक्यांमध्ये जीपीएस असलेले तापमान सेन्सर होते. खोके कुठे आहे आणि आत किती थंड आहे, हे कंपनीला बसल्या जागी दिसत होते. पण लसीच्या एकेका बाटलीला असे यंत्र लावणे परवडणारे नाही. त्यावरचा स्वस्त उपाय म्हणजे बाटलीवरचे चिन्ह. त्याला व्हीव्हीएम म्हणतात. पोलिओच्या लसीवर ते १९९६ पासून वापरात आहे.

हे चिन्ह म्हणजे एक जांभळा गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन. चौकोनात उष्णतेने रंग बदलणारे रसायन असते. जितकी गरमी लागेल तितका चौकोन गडद होत जातो. बाटली पुन्हा बर्फात ठेवली तरी रंग मागे फिरत नाही. कारखान्यातून निघाल्यापासून लागलेल्या सगळ्या गरमीचा हिशोब त्या चौकोनात साठत जातो. पोलिओची लस नाजूक, म्हणून तिच्यावरचे चिन्ह ३७ अंशांत साधारण दोनच दिवसांत ‘बाद’ दाखवते. हिपॅटायटिस बीची लस गरमीला जास्त टिकते, तिच्यावरील चिन्हाला तीस दिवस लागतात.

चौकोन कसा वाचायचा?

• चौकोन गोलापेक्षा फिकट असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर लस वापरता येते.
• चौकोन आणि गोल एकाच रंगाचे झाले, तर लस द्यायची नाही.
• चौकोन गोलापेक्षा गडद झाला, तरी लस द्यायची नाही.

बीसीजी आणि गोवर-रुबेला या पावडरच्या लसी असतात. त्यांच्यावर हे चिन्ह झाकणावर किंवा बाटलीच्या मानेपाशी असते. त्यात पाणी मिसळले की चिन्हाचा उपयोग संपतो आणि घड्याळ पाहायचे असते. मिसळल्यापासून चार तासांनंतर ती लस वापरता येत नाही. म्हणून बाटली कधी उघडली ती वेळ लिहिलेली असायला हवी. पेंटाव्हॅलंट, पोलिओ यांसारख्या लसींची उघडलेली बाटली मात्र नियम पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. त्यामुळे बाटली आधीच उघडलेली दिसली म्हणून घाबरू नये, तिच्यावरची तारीख विचारावी.

चौकोन काय सांगत नाही?

लस गोठली होती का, हे चौकोन सांगत नाही. म्हणून आईसपॅक डीप फ्रीजरमधून काढून थेट डब्यात भरत नाहीत. ते थोडा वेळ बाहेर ठेवतात आणि हलवल्यावर आत पाणी वाजू लागले की मगच भरतात.

लस दिल्यावर ताप आला, मांडी दुखली म्हणजे लस खराब होती, असेही नाही. असा हलका त्रास चांगल्या लसीनेही होतो.

पालकांनी काय करावे?

लस देण्याआधी सिस्टरला बाटली दाखवायला सांगावे. विचारण्यात संकोच नको आणि विचारले म्हणून सिस्टरनेही राग मानू नये, कारण बाटली तपासणे हा त्यांच्याही कामाचाच भाग आहे. चौकोन गडद वाटला तर भांडण न करता दुसरी बाटली मागावी. तीही नसेल तर आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे आणि पुढच्या सत्राची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. शंकेपोटी लस टाळणे हा उपाय नाही. डोस चुकला तर लेकराचेच नुकसान होते.

घरात इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर त्यांच्यासाठीही हाच धडा आहे. इन्सुलिनवर असा चौकोन नसतो. ते उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा फ्रीजरमध्ये ठेवू नये. फ्रीज नसेल तर सावलीत, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. मात्र बाटलीला पाणी लागू देऊ नये आणि उघडलेली बाटली किती दिवस वापरायची, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.