किल्ल्यावरील मावळ्यांचा सांभाळ

दिवाळी सरली कीं अंगणांतील मातीचा किल्ला मोडतो. परंतु त्यावर मांडलेल्या मावळ्यांच्या चित्रांचें पुढें काय होतें, याचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. गेल्या वर्षीं नातवाचीं सारीं चित्रें एकाच डब्यांत भरून आम्ही धाराशिवाहून सोलापुरास मुलीच्या घरीं गेलों. डबा उघडला तों भालाईतांचे हात व घोड्यांचे पाय तुटून पडले होते. नातू रडला नाहीं. निमूटपणें तुकडे गोळा करूं लागला. आम्हांस मात्र फार लाज वाटली.

दोष मातीचा नव्हता, आमचा होता. चित्र चित्रावर आपटलें म्हणजे बारीक अवयव प्रथम तुटतो. म्हणून प्रत्येक चित्र जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यांत गुंडाळावें, पुठ्ठ्याचे कप्पे करून एकेकास एकेक घर द्यावें, जड चित्रें तळाशीं ठेवावींत व मोकळी जागा कापसानें भरावी. डबा हलविला असतां आंत आवाज होतां कामा नये. प्रवासांत तो मांडीवरच घ्यावा. रंग पुरता वाळल्याखेरीज चित्र गुंडाळूं नये. कच्च्या मातीस ओल तर मुळींच लागूं देऊं नये.

आपल्याच जिल्ह्यांतील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील संग्रहालयांत सातवाहनकालीन भाजक्या मातीच्या लहान मूर्ति पाहावयास मिळतात. त्या सुमारें दोन हजार वर्षें टिकल्या. आमच्या हातीं मावळे एक दिवसही टिकले नाहींत. यंदाच्या डब्याचे कप्पे नातवानें स्वतः आंखले आहेत.