ब्लॉकलिस्ट आपोआप अपडेट करा, पण तपासून
मार्च 2021 मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला. खाप्यासारख्या छोट्या गावातल्या ऑफिसचा सर्व्हरही इंटरनेटवर उघडा असला, तर स्कॅनमध्ये सापडतोच. हल्लेखोराला गावाच्या आकाराशी देणंघेणं नसतं. म्हणून स्पॅमहाउस या संस्थेची 'ड्रॉप' ही ब्लॉकलिस्ट रोज क्रॉनने उतरवून फायरवॉलला द्यावीच. हाताने केलेलं काम मागे पडतं. निरपराध अडकतील, हा आक्षेप रास्त आहे, कारण मोबाइल नेटवर्कवर एका आयपीमागे अनेक ग्राहक असतात. पण 'ड्रॉप'मध्ये सुटे पत्ते नसतात, गुन्हेगारांच्या ताब्यातले अख्खे ब्लॉक असतात. फायरहोलची 'लेव्हल 1' ही यादी मात्र जपून वापरा: तिच्यात 192.168 ची खासगी रेंजही येते, म्हणजे आपलंच लॅन बंद! डाउनलोड फसलं किंवा फाइल रिकामी आली, तर जुनी यादी राहू द्या. नवी वेगळ्या आयपीसेटमध्ये भरून, तपासून, मगच 'स्वॅप' करा.