नापास ट्रान्झिस्टरचा पाऊस

एका वाचकाच्या मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी ५५५ टायमर वापरून पोलीसगाडीचा सायरन वाजवला. आता तिला त्याच आयसीतून पाऊस पाडायचा आहे. जमेल का, असे त्यांनी विचारले आहे.

एकट्या ५५५ला नाही जमणार. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखलेली ही चिप ठरलेल्या लयीत चालू-बंद होते. सायरनला तेवढे पुरते, कारण गाडीवरचा खरा सायरनही आतून ऑसिलेटरच असतो. (किटच्या खोक्यावर ‘हुबेहूब आवाज’ असे छापलेले दिसले, की आत सायरन आहे असे खुशाल समजावे!) पावसाला मात्र सूरच नसतो. आठवडी बाजारातल्या कलकलाटासारख्या सगळ्या कंप्रता त्यात एकदम मिसळलेल्या असतात.

हा गोंगाट ट्रान्झिस्टर उलटा जोडला की फुकट मिळतो. बेस-एमिटर जोडावरचा उलटा दाब सात-नऊ व्होल्टच्या आसपास गेला की जोड दाद देतो आणि इलेक्ट्रॉन अनियमित लोंढ्यांनी सुटतात. हे वर्धित केले की सरसर ऐकू येते.

याच सरसरीपायी जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी चक्क नापास ठरलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले. त्यांतून निवडलेले नग १९८० च्या टीआर-८०८ या तालयंत्रात बसले. पुढे ट्रान्झिस्टर इतके चांगले बनू लागले, की नापास माल मिळेना; १९८३ साली यंत्रच बंद झाले. ‘खऱ्या ढोलासारखे वाजत नाही’ म्हणून नाके मुरडली गेलेल्या या यंत्रावर नंतर हिपहॉप उभे राहिले, ही गंमत वेगळीच.

८०८ मधली टाळी ऐकाच. गोंगाट तोच, पण तो लागोपाठच्या झटक्यांत उघडतो आणि मग विरतो, म्हणून अनेक हात वाजल्याचा भास होतो. माझ्या मते आवाजाचा खरेपणा असा त्याच्या चढ-उतारात असतो. तीच सरसर सावकाश फुगवली-ओसरवली की समुद्र, तुटक सोडली की वाफेचे इंजिन. गडगडाट मात्र तीन इंची स्पीकरकडून मागू नये. खर्ज त्याच्या आवाक्यात नाही.

मुलीला सांगा: बीसी५४७ चा कलेक्टर मोकळा सोड, बेस ऋण टोकाला जोड, एमिटरला १०० किलोओममधून १२ व्होल्ट दे, उतरलेल्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर तो गप्प बसतो. आणि हा ट्रान्झिस्टर नंतर अँप्लिफायरमध्ये वापरू नकोस, उलट्या दाबाने त्याची वर्धनक्षमता घटते.