भरदार आवाजाचे यंत्र : टू-इन-वनचा परिचय

रेडिओ आणि कॅसेट टेपरेकॉर्डर ही दोन यंत्रे एकाच खोक्यात बसवून, वर उचलण्यासाठी कडी लावून आणि विजेइतकेच सेलवरही चालेल अशी सोय करून जो संच तयार झाला, त्याला भारतात ‘टू-इन-वन’ हे नाव पडले. अमेरिकेत त्याच्याच मोठ्या, दोन स्पीकरांच्या भावंडाला ‘बूमबॉक्स’ म्हटले गेले. हा संच ज्यांच्या घरात होता ते त्याच्याविषयी बोलताना एक विशेषण हमखास वापरतात, ते म्हणजे ‘भरदार’. या विशेषणात आठवणीची माया आहे हे खरे, परंतु ते केवळ मायेपोटी आलेले नाही. त्याचा बराच भाग यंत्राच्या रचनेतून, कागदी पडद्याच्या आकारातून आणि चुंबकीय फितीच्या स्वभावातून उगवलेला आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहता येतो.

या यंत्राचा पाया फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हासेल्ट येथील विभागात घातला गेला. तेथे लू ऑटेन्स या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘कॉम्पॅक्ट कॅसेट’ 1963 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तोवर ध्वनिमुद्रणाची फीत बहुतेक वेळा मोठ्या उघड्या चकत्यांवर गुंडाळलेली असे आणि ती हाताने यंत्रात ओवावी लागे. कॅसेटने ती फीत खिशात मावेल एवढ्या डबीत बंद केली, तिची रुंदी 3.81 मिलिमीटर आणि तिचा वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर एवढा ठरवला. फिलिप्सनेच 1966 मध्ये रेडिओ आणि कॅसेट यंत्र एकत्र आणणारा संच काढला, त्यामुळे रेडिओवरचे गाणे वायर न जोडता थेट फितीवर उतरवणे शक्य झाले. पुढे 1970 च्या दशकात सोनी, जेव्हीसी, शार्प, सान्यो, आयवा, नॅशनल पॅनासॉनिक अशा जपानी कंपन्यांनी हा संच हाती घेतला आणि त्याला दुसरा स्पीकर, उंच-खालच्या स्वरांची वेगळी बटणे आणि आवाजाबरोबर डोलणारे काटे देऊन त्याचे रूप पालटले.

एकाच्या जागी दोन स्पीकर आले तेव्हा कॅसेटच्या मूळ आखणीतला विचारीपणा दिसून आला. कॅसेटच्या प्रत्येक बाजूसाठी फितीवर एक पट्टा असतो, ज्यावर ध्वनी चुंबकीय खुणांच्या रूपात साठतो. स्टीरिओसाठी, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा ध्वनी पोहोचवण्यासाठी, फिलिप्सने याच पट्ट्याचे शेजारी-शेजारी दोन भाग केले. साध्या यंत्राचे ‘हेड’, म्हणजे फितीवरच्या खुणा वाचणारा छोटा चुंबकीय तुकडा, हे दोन्ही भाग एकत्र वाचत असे, त्यामुळे एका स्पीकरच्या जुन्या टेपवर नवी स्टीरिओ कॅसेट काही न गमावता वाजे आणि नव्या संचावर जुनी कॅसेटही वाजे. नवे यंत्र आले म्हणून आधीचा संग्रह टाकून द्यावा लागला नाही, हा लोकांच्या पैशाविषयी दाखवलेला आदरच म्हटला पाहिजे.

न्यूयॉर्कमध्ये या संचाने रस्त्यावरच्या संगीताला आकार दिला. ब्राँक्स भागात 1970 च्या दशकात रुजलेल्या हिप-हॉपला ना नभोवाणीवर जागा होती ना महागड्या सभागृहांत, त्यामुळे खांद्यावरचा बूमबॉक्स हेच त्याचे प्रक्षेपण केंद्र ठरले. एलएल कूल जे या गायकाच्या 1985 च्या ‘रेडिओ’ या संग्रहाच्या मुखपृष्ठावर जेव्हीसीचा आरसी-एम 90 हा संच झळकतो, तर स्पाइक ली यांच्या 1989 च्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटात एका तरुणाच्या हातातला मोठा संच हा कथेचा कणाच आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात टू-इन-वन बराचसा समुद्रापलीकडून आला. आखाती देशांत कामाला गेलेली कोकणातली आणि गोव्यातली माणसे सुट्टीवर परतताना जे सामान आणत त्यात जपानी टेप मानाचा असे, आणि ज्यांचे कोणी आखातात नव्हते त्यांच्यासाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटची वाट होती. यंत्रे पसरली तशा स्वस्त कॅसेटही पसरल्या. गुलशन कुमार यांनी 1983 मध्ये टी-सीरिज सुरू केल्यावर कॅसेटची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, आणि तबकड्यांच्या काळात मोजक्या कंपन्यांच्या हाती असलेले ध्वनिमुद्रण गावोगावच्या गायकांना खुले झाले. या बदलाचा सविस्तर अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात केला आहे, परंतु त्याची खूण महाराष्ट्रातही तितकीच ठळक आहे. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि भीमगीते, कोळीगीते, लावण्या, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने काढलेले पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन आणि गोव्यातील तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातली कांतारे, म्हणजे गाणी, हे सारे या खोक्यातून घराघरांत पोहोचले.

त्याच काळात मराठीत ‘कॅसेट भरणे’ हा वाक्प्रयोग रूढ झाला. बाजारात आवडीच्या गाण्यांची यादी घेऊन कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून देणारी दुकाने असत, आणि घरोघरी रेडिओसमोर बसून, निवेदकाचे वाक्य संपताच दोन कळा एकदम दाबून गाणे ‘भरले’ जाई. परदेशी गेलेल्या माणसासाठी पत्राऐवजी आवाज भरून पाठवण्याची पद्धतही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर होती. ऐकणारा येथे केवळ गिऱ्हाईक नव्हता. आवाजाच्या घडणीत त्याचाही हात होता.

आता त्या भरदारपणाकडे वळता येईल. स्पीकर म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने मागेपुढे हलणारा शंकूच्या आकाराचा पडदा, आणि खालचे स्वर ऐकू यायचे तर त्याला पुष्कळ हवा हलवावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच तीव्रतेसाठी चौपट हवा हलवणे भाग पडते. 16 सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ 5 सेंटिमीटरच्या पडद्याच्या सुमारे दहापट असते, त्यामुळे मोठ्या संचाचा हलका कागदी पडदा अगदी थोडा हलूनही तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पोहोचवू शकत असे. शिवाय पडद्यामागे खोक्यातली मोकळी जागा भरपूर असे, आणि प्लास्टिकचे ते खोके स्वतःही थोडेसे थरथरून ढोलकीच्या थापेला, पुरुषी आवाजाच्या खर्जाला उठाव देई. काटेकोर मोजमापात ही भर दोष ठरते, कारण ती मूळ ध्वनीत नसते. मात्र ऐकणाऱ्याच्या अंगाला जाणवणारा आवाज तिच्यामुळेच घडला.

दुसरे कारण विद्युत मंडलात आहे. सहा मोठ्या सेलवर चालणाऱ्या संचाला 9 व्होल्ट मिळत, आणि साध्या मांडणीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून, म्हणजे क्षीण संकेत बळकट करणाऱ्या भागातून, 4 ओहमच्या स्पीकरला एवढ्या दाबावर न फाटता मिळणारी शक्ती फार तर अडीच वॉट असू शकते. खोक्यावर ‘पीएमपीओ’ या नावाखाली शेकड्यांनी वॉट छापलेले असत, परंतु त्या मापाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नव्हते आणि त्याचा ऐकू येणाऱ्या आवाजाशी फारसा संबंध नव्हता. घर भरायला अडीच वॉट पुरत, ते मोठ्या पडद्याच्या कार्यक्षमतेमुळे. पुष्कळ संचांत ‘लाउडनेस’ नावाचे बटणही असे. आवाज लहान ठेवला की मानवी कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवले होते. हे बटण ती उणीव भरून काढी, त्यामुळे रात्री सर्वजण झोपलेले असताना हळू लावलेले गाणेही पोकळ वाटत नसे.

तिसरे कारण फितीचे. लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेली फीत ठरावीक मर्यादेपलीकडे चुंबकित होत नाही, पण ती मर्यादा ओलांडताना आवाज एकदम तुटत नाही. उंच टोके हळूहळू दबतात आणि ध्वनी किंचित दाट होतो. अंकीय ध्वनिमुद्रण मर्यादेवर कडेलोट झाल्यासारखे फाटते, फीत मात्र वाकते. याची किंमतही होती. साध्या फितीवर, सामान्य संचात, फार उंच स्वर अंधूक होत आणि शांत जागी सूक्ष्म ‘स्स’ असा सततचा आवाज राही. तो कमी करण्यासाठी डॉल्बी प्रयोगशाळेने 1968 मध्ये आणलेली ‘डॉल्बी बी’ पद्धत महागड्या संचांतच मिळे.

या यंत्राचा सर्वांत मोठा दोष मात्र वेगाचा होता, आणि तो भारतीय संगीतात लपत नाही. फीत ओढणारी पोलादी कांडी आणि तिला फीत दाबून धरणारा रबरी रोलर एकसारखे फिरावेत यासाठी कांडीच्या मागे जड चाक असते, जे आपल्या वजनाने वेग स्थिर ठेवते. स्वस्त संचात हे चाक हलके असे आणि ते फिरवणारा रबरी पट्टा सैल पडला की स्वर संथपणे वर-खाली डुलू लागे. पाश्चात्त्य पद्धतीच्या चढत्या-उतरत्या वाद्यवृंदात हे डुलणे कदाचित निसटून जाईल, पण तानपुरा आणि सुरपेटी अखंड तेच स्वर धरून असतात, म्हणून षड्ज जरा हलला तरी कान लगेच टवकारतात. सेल उतरू लागले की टेप ‘रडू’ लागे, आणि मग ते सेल उन्हात ठेवून त्यांच्याकडून आणखी एखादी बाजू वाजवून घेतली जाई.

या यंत्राची निगा घरीच राखता येई, हे त्याचे सर्वांत लोभस वैशिष्ट्य होय. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेडवरून फिरवला की त्यावर तपकिरी डाग उमटे. तो फितीवरून झडलेल्या लेपाचा असे, आणि तो निघताच दबलेला आवाज मोकळा होई. अडकलेली फीत अलगद सोडवून, कॅसेटच्या दातेरी भोकात षटकोनी पेन किंवा पेन्सिल घालून ती परत गुंडाळली जाई. मौल्यवान कॅसेटवर चुकून दुसरे काही भरले जाऊ नये म्हणून तिच्या कडेची छोटी चिप मोडून टाकत, आणि मन बदलले तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावत.

सीडी, मग संगणक आणि मोबाइल यांनी या संचाची जागा घेतली. आजचा मुठीएवढा बिनतारी स्पीकर गणिती प्रक्रियेच्या बळावर आपल्या आकाराच्या मानाने थक्क करणारा खर्ज काढतो, त्याचा वेग डुलत नाही आणि त्यात सुरसुर नाही. मोजमापाच्या बहुतेक कसोट्यांवर तो सरस आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही मोठ्या पडद्याची सहजता त्याच्याकडे नाही, आणि ऐकणाऱ्याच्या हाताला त्यात करण्यासारखे काही उरलेले नाही.

हे दुसरे उणेपण किती खोल जाते ते हेडशेजारच्या एका बारीक स्क्रूवरून समजते. हेडमध्ये एक अतिशय अरुंद फट असते आणि ती फितीच्या वाटेला बरोबर काटकोनात असावी लागते. दहा हजार हर्ट्झच्या स्वराची फितीवरची एक लहर सुमारे 4.8 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान असते, त्यामुळे फट तिळभर कलली तरी उंच स्वर एकमेकांत मिसळून पुसट होतात. कसबी कारागीर गाणे चालू ठेवून, लहान स्क्रूड्रायव्हरने हा स्क्रू केसाएवढा फिरवत राहतो आणि झांजेची किणकिण स्वच्छ झाली की थांबतो. उपकरण नसले तरी कान पुरतो. परंतु टू-इन-वनमध्ये भरणारे आणि वाजवणारे हेड एकच असते. घरच्या टेपचे हेड किंचित कललेले असेल तर त्यावर भरलेल्या कॅसेटवरच्या खुणाही त्याच कोनात कललेल्या उमटतात, आणि म्हणून ती कॅसेट दुसऱ्या, अगदी निर्दोष संचावर मंद वाजते, पण ज्याने ती भरली त्या यंत्रावर लख्ख उमटते.

आजीची ओवी, बारशाचा गलबला किंवा आखाती देशात पाठवायचे राहून गेलेले बोलणे ज्या घरातल्या कॅसेटवर असेल, त्या घराने माळ्यावरचा टेप भंगारात देण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याचा विरघळलेला रबरी पट्टा बदलून घ्यावा, हेड स्पिरिटने पुसावे, आणि तो बारीक स्क्रू मात्र आहे तसाच राहू द्यावा, कारण त्या आवाजाशी जुळणारा कोन त्या यंत्रात आयताच शिल्लक आहे.