पडद्यावरील शेतकरी आणि शिवारांतील शेतकरी

चित्रपट न पाहिलेला शेतकरी आज आपल्या जिल्ह्यांत सांपडणें कठीण आहे. पूर्वी जत्रेच्या तंबूंत जाऊन पाहावयाचा खेळ आतां घरांतील टीव्हीवर आणि खिशांतील मोबाईलवर येऊन बसला आहे. त्यामुळें शेतकऱ्याचा शत्रु कोण, त्याचें दुःख कशामुळें उत्पन्न होतें आणि कशानें सरतें, याविषयींच्या आपल्या पुष्कळ कल्पना पडद्यावरून आलेल्या असतात. शहरांतील लोकांच्या तर बहुतेक सर्वच. करमणूक म्हणून यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्याच कल्पना मनांत घेऊन आपण बँकेच्या, बाजार समितीच्या किंवा तहसील कचेरीच्या पायऱ्या चढूं लागलों, म्हणजे नुकसान आपलें होतें. म्हणून पडद्यावरील शेतकरी आणि वर्धा जिल्ह्याच्या शिवारांतील शेतकरी, या दोघांना एकदां शेजारीं शेजारीं उभे करून पाहणें उपयोगाचें होईल.

सावकाराचा चेहरा

शेतकऱ्याच्या दुःखाकडे आपल्या चित्रपटाचें लक्ष फार लवकर गेलें, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. १९२५ सालीं कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखालीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. हरि नारायण आपटे यांच्या कथेवर तो आधारलेला होता. कर्जापायीं जमीन गमावून शहरांत मजुरीला जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें होतें. १९३६ सालीं पेंटरांनीं तोच विषय बोलपटांत पुन्हां आणला. १९५३ सालीं बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यांतील शंभू आपलें देणें ६५ रुपये समजतो, आणि जमीनदाराच्या वहींत तें २३५ रुपये निघतें. १९५७ सालच्या 'मदर इंडिया'मध्यें सासूनें लग्नासाठीं काढलेल्या ५०० रुपयांपायीं राधेच्या घरचा तीन चतुर्थांश माल दरसाल केवळ व्याजांत जातो.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. संकटाला चेहरा आहे. सुखीलाला दारांत येऊन उभा राहिला, कीं प्रेक्षकाला कळतें, राग कोणावर करावयाचा. हीं चित्रें आपल्या काळापुरतीं खोटीं नव्हतीं. आपला जिल्हा ज्या मध्यप्रांतांत होता, त्या प्रांताच्या सरकारला १९३३ सालीं कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. मात्र पडद्यावरचा हवेलींतील जमीनदार जसाच्या तसा आपल्याकडे शोधूं नये. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडांत रयतवारी होती, अलीकडे आपल्याकडे मालगुजारी. आणि ती मालगुजारीहि १९५१ सालीं संपली.

आज काय आहे? आज आपल्या देण्याला एक वही उरलेली नाहीं. कांहीं देणें बँकेचें पीककर्ज म्हणून असतें, कांहीं सेवा सहकारी सोसायटीचें, कांहीं कृषि सेवा केंद्राची बियाणें-खतांची उधारी, कांहीं घरांतील बाईच्या नांवें बचतगटाचें किंवा खाजगी फायनान्स कंपनीचें, आणि कांहीं सोनें ठेवून आणलेलें. मागील दशकांत नागपूर, वर्धा व बुलढाणा येथील जिल्हा मध्यवर्ती बँका परवान्याच्या अडचणींत सांपडल्या, तेव्हां सभासदांना पीककर्जासाठीं दुसरीं दारें शोधावीं लागलीं. त्या प्रसंगीं सुखीलाला कोण होता? कोणीच नव्हता. तरी पेरणीच्या तोंडावर पैसा हातीं नव्हता, हें खरेंच.

बेकायदा सावकार मात्र अजून संपलेला नाहीं, आणि त्याच्या बाबतींत पडदा आपणांस अर्धेंच सांगतो. राधेपाशीं नव्हतें तें एक साधन आपणांपाशीं आहे. २०१४ सालच्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमान्वयें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षां अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. सावकारीच्या व्यवहारांत खरेदीखत करून घेतलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आंतील असल्यास, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून चौकशीअंतीं परत मिळूं शकते. चित्रपटांतील मुलगा बंदूक घेऊन सावकाराच्या घरीं जातो. शिवारांतील मुलानें कागद घेऊन उपनिबंधकाच्या कचेरींत जावें.

भाव कोण पाडतो?

पडद्यावर कापूस क्वचितच विकला जातो. पीक डोलतांना दिसतें, गाणें होतें, आणि पुढच्या दृश्यांत एकतर घरीं आनंद असतो किंवा सावकाराचे लोक पोतीं उचलून नेतात. या दोहोंच्या मधला जो बाजार, तो गाळलेला असतो. आणि आपलें वर्ष बुडतें किंवा तरतें तें तर नेमकें तेथेंच.

ही गोष्ट नवी नाहीं. आपला जिल्हा १८६२ सालीं नागपुरांतून वेगळा झाला, तेव्हां अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलेलें होतें. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाचें नांव विलायतेच्या बाजारांत घेतलें जाऊं लागलें. भाव चढले, १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव उतरले. ज्या कास्तकारानें चढत्या भावावर विसंबून कर्ज काढलें, त्याचा शत्रु त्याच्या गांवांत नव्हताच, समुद्रापलीकडेहि एक असा माणूस नव्हता.

आजचीच गोष्ट घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. आदल्या वर्षीं तो ७,५२१ होता. त्याच वर्षीं १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत बाहेरून येणाऱ्या कापसावरील ११ टक्के आयात-शुल्क केंद्र सरकारनें माफ केलें, म्हणजे आपली वेचणी सुरू होण्याच्या वेळींच परदेशी गांठी स्वस्त झाल्या. यांत गिरण्यांचा हिशेब आहे, परदेशी व्यापाराचा हिशेब आहे, आणि त्या दोहोंच्या तळाशीं आपला हिशेब आहे. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर गेलें, तर तेथें ओलावा मोजला जातो. ८ टक्क्यांच्या वर ओल असली कीं भाव कापला जातो, १२ टक्क्यांच्या वर गेली कीं गाडी परत. कोणत्याहि चित्रपटांत नायकाच्या कापसाची ओल मोजलेली आपण पाहिली आहे काय? परंतु पहाटेच्या दंवांत वेचलेला कापूस त्याच दिवशीं भरून नेणाऱ्याचा तोटा तें लहानसें यंत्रच ठरवितें.

पाऊस आणि रात्र

पावसाचें पडद्यावरील वागणें तर अगदीं ठरलेलें आहे. २००१ सालच्या 'लगान'मध्यें सर्व संकट निवारलें आणि मग मेघ कोसळले. तेथें कथा संपली. शेतांत मात्र पाऊस आला म्हणजे कथा सुरू होते. मृगाच्या पहिल्या सरीवर धूळपेर केली आणि मग तीन आठवडे उघाड पडली, तर दुबार पेरणीचें बियाणें उधारीनें आणावें लागतें. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरती ओलावल्याखेरीज पेरूं नये, असें कृषि विभाग दरवर्षीं सांगतो. पुढें श्रावणांत झड लागली तर कपाशी पिवळी पडते. सोयाबीन कापून गंजी लावली आणि त्यावर परतीचा पाऊस आला तर दाण्याला कोंब फुटतात. पाऊस थोडा झाला किंवा फार झाला, एवढ्यानें आपलें वर्ष ठरत नाहीं. तो कोणत्या आठवड्यांत झाला, यावर ठरतें.

आणि रात्र? पडद्यावरील शेतकरी रात्रीं निजतो, किंवा चांदण्यांत गातो. आपला शेतकरी रात्रीं वीज येते म्हणून मोटार सुरू करावयास जातो, आणि चण्यांत रानडुकरें, तुरींत रोही शिरूं नयेत म्हणून जागलीला बसतो. बोर अभयारण्यास २०१४ सालीं व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ही जिल्ह्याला भूषणाची गोष्ट आहे, पण सेलू भागांतील जागल्याला पाठीमागें वळून पाहावें लागतें, हेंहि तितकेंच खरें. रोही आणि रानडुक्कर यांना चित्रपटांत अद्यापि काम मिळालेलें नाहीं. त्यांचें नुकसान भरून मिळावें म्हणून वनविभागाकडे वेळेंत अर्ज आणि पंचनामा करावा लागतो. तेंहि कोणी पडद्यावर दाखवीत नाहीं.

मरणाचा देखावा

आतां ज्या गोष्टीवर लिहितांना हात जड होतो, तिच्याकडे वळूं. २००५-०६ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यांतील डोरली या गांवच्या लोकांनीं सगळें गांवच विक्रीस काढल्याचें जाहीर केलें. वर्तमानपत्रवाले आले, कॅमेरे आले. २००६ च्या पावसाळ्याच्या आरंभीं पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भांत आले, वायफडला शेतकऱ्यांना भेटले. आणि वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. चार वर्षांनीं, २०१० सालीं, अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' आला. नत्था नांवाचा कर्जबाजारी शेतकरी, त्याच्या मरणावर मिळूं शकणारें एक लाख रुपये, आणि त्याच्या दारांत लागलेली कॅमेऱ्यांची जत्रा, असा त्याचा विषय आहे.

लोक हंसले आणि हंसतां हंसतां एक चुकीची समजूत घरीं घेऊन गेले, कीं मरण म्हणजे लाख रुपये. प्रत्यक्षांत काय होतें तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. २००६ सालच्या शासन निर्णयाप्रमाणें प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढें जातें आणि 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतें. जमीन नांवावर होती काय, कर्ज बँकेचें, सोसायटीचें किंवा परवानाधारक सावकाराचें होतें काय, तें थकलें होतें काय, हें कागदावरून पाहिलें जातें. ठेक्यानें किंवा बटईनें करणारा, ज्याचें नांव सातबाऱ्यावर नाहीं तो, आणि ज्याचें देणें केवळ उधारीचें होतें तो, येथें अडकतो. पात्र ठरल्यास ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवींत, अशी त्या निर्णयांतील वांटणी होती. मागें राहिलेल्या बाईला फेरफार करून घ्यावयाचा असतो, जुनें देणें निस्तरावयाचें असतें, मुलांच्या शाळेचें पाहावयाचें असतें, आणि पुढच्या मृगाला पेरणीहि करावयाची असते. मरणानें कर्ज फिटत नाहीं. तें दुसऱ्याच्या खांद्यावर जातें.

त्याच चित्रपटांत मात्र एक माणूस असा आहे कीं ज्याच्याकडे कॅमेरा वळत नाहीं. होरी महातो नांवाचा म्हातारा निमूटपणें माती खणीत राहतो आणि एके दिवशीं त्याच खड्ड्यांत मेलेला आढळतो. तेवढा भाग शिवाराशीं इमान राखणारा आहे.

पाहावें तें कोणतें?

आपल्या मातींतील सर्वांत खरें चित्र २००९ सालच्या सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' या चित्रपटांत दिसतें. कापूस करणारा किसना, आणि शेजारच्या घरीं आत्महत्या झाल्यावर धास्तावलेली त्याची बायको अलका, यांची ती कथा. त्यांत खलपुरुष नाहीं. अलका मुलाला आणि सासूला त्याच्या मागें पाठवीत राहते, एकट्याला सोडूं नका म्हणून. ज्या घरांत माणूस गप्प झाला आहे, जेवणावरची वासना उडाली आहे, तेथें हेंच करावयाचें असतें. त्याला एकटें सोडूं नये, बोलतें करावें, आणि गरज पडल्यास १४४१६ या 'टेली-मानस' च्या क्रमांकावर फोन करावा. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

दुसरा चित्रपट १९७६ सालचा, श्याम बेनेगल यांचा 'मंथन'. गुजरातच्या दूध संघांच्या पांच लाख सभासदांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन तो काढला. त्याच्या शेवटीं शहरांतून आलेला डॉक्टर निघून जातो, आणि संस्था चालविण्याचें काम गांवकऱ्यांच्याच गळ्यांत पडतें. नायक गेल्यावरहि काम चालूं राहतें, असें दाखविणारे चित्रपट थोडे.

या सर्वांचा मथितार्थ इतकाच, कीं पडद्याला खलपुरुष लागतो आणि तीन तासांत शेवट लागतो. आपल्या तोट्याचे मात्र दहा मालक असतात आणि त्यांतला एकहि समोर येत नाहीं. म्हणून राग धरण्यापेक्षां हिशेब धरावा. सर्व दारांचें देणें, व्याजासकट, एका पानावर मांडावें आणि तें पान घरांतील बाईनेंहि पाहिलेलें असावें. उधारीची प्रत्येक पावती जपावी. ठेक्यानें शेत केलें असल्यास करार लेखी असावा. कापूस वाळवून, ओल पाहून, चौघांनीं मिळून केंद्रावर न्यावा. आणि सोसायटीच्या वार्षिक सभेला न चुकतां जाऊन बसावें. तेथें कॅमेरा नसतो, पण आपल्या पुढील वर्षाचा बराचसा निर्णय तेथेंच होतो.