समुपदेशनातला ‘स्व’ आणि गोंदियातील माणूस

आपल्याहून वेगळ्या भाषेत, श्रद्धेत आणि नात्यागोत्यांत वाढलेल्या माणसाचे दुःख त्याच्याच अर्थाने समजून घेण्याच्या तयारीला समुपदेशनशास्त्रात बहुसांस्कृतिक क्षमता म्हणतात. आणि मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी बोलणारी माणसे जिथे शेजारीपाजारी राहतात, त्या गोंदिया जिल्ह्यात तिच्यावाचून समुपदेशनाचे पाऊलही पुढे पडत नाही. अमेरिकेत डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या क्षमतेची मांडणी करताना समोरच्याच्या जीवनदृष्टीचे ज्ञान आणि साजेशी कौशल्ये यांच्याआधी स्वतःच्या पूर्वग्रहांचे भान ठेवले, ते योग्यच होते. हान्स-गेऑर्ग गाडामर या जर्मन तत्त्वज्ञाच्या मते पूर्वग्रह पुरते टाकून कोणालाच काही समजत नाही. ते ओळखून, संवादात तपासून घ्यावे लागतात.

समुपदेशकाचा सर्वांत खोल पूर्वग्रह ‘माणूस’ या कल्पनेतच दडलेला असतो. पाश्चात्त्य मानसशास्त्राच्या मोठ्या भागाने स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी सुटी व्यक्ती गृहीत धरली. गोंड समाजात मात्र किती देव पुजले जातात त्यावरून कुळांचे ‘सगे’ ठरतात, एका सग्यातली मुले-मुली भावंडे मानली जातात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. ही व्यवस्था पारी कुपार लिंगोंनी घालून दिली, अशी श्रद्धा असून त्यांच्या स्मरणार्थ माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेशी हजारोंची जत्रा भरते. समजा, एकाच सग्यातल्या मुलीवर मन जडलेला तरुण झोप उडाल्याची तक्रार घेऊन आला, तर ‘तुझे आयुष्य, तुझा निर्णय’ हा सल्ला त्याला दिलासा देण्याऐवजी आणखी एकटे पाडील, कारण त्याचा ‘स्व’ देव, कूळ आणि सोयरे यांच्यासह घडलेला आहे.

दुःखाची भाषाही अशीच वेगळी असते. ‘उदास वाटते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी बाई ‘जीव घाबरतो, डोके जड होते’ असे सांगते, तेव्हा ती मनाचेच सांगत असू शकते.

तरीही संस्कृतीच्या नावाखाली सर्व काही मान्य करणे, ही उलट दिशेची चूक होय. मारहाणीला ‘त्यांच्यातली रीत’ म्हणून सोडून देणारा समुपदेशक त्या समाजातील दुबळ्याचा आवाजच दाबतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ संस्कृती व जातीवरून सेवेत भेद करण्यास मनाई करतो. पण समान सेवा म्हणजे आधी नीट ऐकले जाणे. सुनेचे गोंडी बोलणे सासूच मराठीत सांगत असेल, तर सासूला थोडा वेळ बाहेर बसवून, गोंडी जाणणारी दुसऱ्या गावची आशाताई सोबत घेऊन, तोच प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे.